पाटी, काडी आणि बोट



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत जे झालं, त्यावरून आजचं बोलणं सुचलं. आमची हिशेब लिहिणारी ताई टॅब घेऊन आली होती. बचत, कर्ज, व्याज, दंड, सगळं त्यात भरलेलं. तिनं टॅब आक्कांपुढं धरला आणि म्हणाली, "आक्का, तुमच्या नावावर बोट टेकवा, म्हणजे तुमची बचत दिसेल." आक्कांनी बोट टेकवलं. काहीच झालं नाही. परत टेकवलं, जरा दाबून. तरी काही नाही. तिसऱ्यांदा भलत्याच बाईचं खातं उघडलं. आक्का म्हणाल्या, "मला वळखत न्हाई हे." आम्ही हसलो, आक्काही हसल्या. पण टॅब परत देताना त्या म्हणाल्या, "वहीत माझ्या नावाफुडं मी बोट ठेवत हुते, तवा वही काय म्हणत नव्हती. आता माझं पैसं किती, हे दुसरीनं दाबून सांगायचं."

आक्कांचं वय पासष्ट. चाळीस वर्षं खुरपणी, निंदणी, कांदा काढणी. बोटांची टोकं अशी की त्यावर कातडं आहे की खूर, कळू नये. रेशन दुकानातल्या यंत्रावर त्यांचा अंगठा उठत नाही, ते तुमच्यातल्या पुष्कळ जणींना माहीत आहेच. आता टॅबही ऐकेना. निघताना त्यांनी विचारलं, "बटनाचा नसतो का गं असला? साध्या फोनसारखा?"

प्रश्न साधा होता, पण मला उत्तर येत नव्हतं. म्हणून मी शोधायला बसले. स्पर्शावर न चालणारा टॅब कुणी कधी केला होता का? केला असेल तर लोकांनी घेतला का? नसेल घेतला तर का नाही? जे सापडलं ते आज सांगते. या गोष्टीतला एक धागा थेट आपल्या रायगड जिल्ह्यात येतो.

आधी शब्दाचं बघू. टॅब्लेट म्हणजे पाटीच. आपण शाळेत गेलो तेव्हा दगडी पाटी आणि पेन्सिल असायची. पाटीवर बोट फिरवलं तर लिहिलेलं पुसलं जायचं. लिहायचं ते पेन्सिलीनं. गंमत अशी की विजेच्या पाट्या करणाऱ्यांनीही सुरुवातीला हाच हिशेब धरला. पाटी आली म्हणजे काडी आली.

स्पर्शानं चालणारा पडदा तसा फार नवा नाही. इंग्लंडमधल्या माल्व्हर्न या गावी सरकारी रडार संस्थेत ई. ए. जॉन्सन नावाच्या इंजिनिअरनं १९६५ साली त्याबद्दल लिहिलं. आकाशात कुठलं विमान कुठं आहे हे बघणाऱ्या माणसाला झटकन बोट दाखवून सांगता यावं, यासाठी ते होतं. घरोघरी जायचा विचार त्यात नव्हता.

घरोघरी जाईल, लहान मुलाच्या मांडीवर बसेल असं यंत्र पहिल्यांदा कागदावर मांडलं ॲलन के या अमेरिकन माणसानं, १९७२ साली. त्यानं त्याला 'डायनाबुक' म्हटलं. त्याच्या चित्रात दोन मुलं गवतावर बसलीत आणि हातात वहीएवढी पाटी आहे. वरच्या भागात पडदा, खालच्या भागात अक्षरांची बटणं. म्हणजे ज्या चित्रातून आजचे सगळे टॅब निघाले असं म्हणतात, त्या चित्रात आक्कांना पाहिजे तीच बटणं होती! ते यंत्र मात्र प्रत्यक्षात कधी झालं नाही. एवढा पातळ पडदा आणि एवढी छोटी बॅटरी तेव्हा कुणाकडंच नव्हती.

पुढची तीस वर्षं काडीची गेली. १९८९ साली ग्रिडपॅड आला, १९९३ साली ॲपलचा न्यूटन आला. दोन्ही काडीवर चालायचे. न्यूटनवर काडीनं लिहिलेलं अक्षर यंत्रानं ओळखायचं होतं, पण ते इतकं चुकीचं ओळखायचं की अमेरिकेत त्यावर विनोद व्हायचे. या सगळ्यात मला महत्त्वाचा वाटतो तो मायक्रोसॉफ्टचा टॅब्लेट पीसी. बिल गेट्स यांनी २००१ च्या नोव्हेंबरमध्ये भर सभेत सांगितलं होतं, की पाच वर्षांत अमेरिकेत सर्वांत जास्त खपणारा संगणक हाच असेल. नोव्हेंबर २००२ मध्ये तो बाजारात आला.

आता ऐका. त्या टॅबवर बोट चालतच नव्हतं. तुम्ही आख्खा पंजा ठेवला तरी त्याला काही कळायचं नाही. त्याच्याबरोबर एक खास पेन यायचं, पडदा फक्त त्याच पेनाला ओळखायचा. हे चुकून झालेलं नव्हतं, मुद्दाम केलेलं होतं. लिहिताना आपला तळहात कागदावर टेकतो ना? तो टेकला तर यंत्रानं गोंधळू नये, म्हणून. विचार वाईट नव्हता. पण पेन हरवलं की पाटी मुकी. किंमत दोन हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे तेव्हाच्या भावानं लाखभर रुपये. वजन जड. आत जी व्यवस्था होती ती माउसवर चालणाऱ्या संगणकाचीच, बारीक बारीक खुणांची. पेनाचं टोक त्या खुणेवर नेमकं टेकवणं म्हणजे सुईत दोरा ओवणं. दवाखान्यांत आणि विमा कंपन्यांत काही गेले. घरात नाही गेले. पाच वर्षं झाली आणि गेट्स यांचं भाकीत काही खरं ठरलं नाही.

यावरून बरेच जण म्हणतात, बघा, बोट चालत नव्हतं म्हणून खपला नाही. मला हे पुरतं पटत नाही. लाख रुपयांची, जड, माउससाठी केलेली पाटी बोटावर चालली असती तरी कितीजणींनी घेतली असती? एका दोषाच्या माथी सगळं मारून मोकळं होणं सोपं असतं.

आता त्या धाग्याकडं येते, जो आपल्याकडं येतो.

२००५ च्या सुरुवातीला निकोलस नेग्रोपॉन्टी या अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी जाहीर केलं, की जगातल्या गरीब मुलांसाठी शंभर डॉलरचा संगणक करायचा. तेव्हाच्या भावानं साडेचार हजार रुपयांच्या आसपास. प्रत्येक मुलाला एक. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युनिस शहरात मोठी परिषद भरली आणि तिथं त्याचा नमुना दाखवला. हिरव्या रंगाचं यंत्र, आणि बाजूला रहाटासारखं फिरवायचं हँडल. वीज नसेल तिथं हँडल फिरवून चालवायचं. संयुक्त राष्ट्रांचे त्या वेळचे प्रमुख कोफी अन्नान यांनी ते हातात घेतलं, आणि हँडल निखळून आलं असं सांगतात. पुढं ते हँडल काढूनच टाकलं. मला ते वाचून आमच्या गटाची पहिली शिवणयंत्रं आठवली, पण तो विषय वेगळा.

या यंत्राचं नाव एक्सओ. आणि मैत्रिणींनो, आक्कांनी विचारलेल्या वस्तूच्या सगळ्यांत जवळ जाणारी वस्तू मला सापडली ती ही. दिसायला छोटा लॅपटॉप. पण त्याचा पडदा गर्रकन फिरवून पालथा घालून बंद केला, की अक्षरांची बटणं आत झाकली जायची आणि हातात उरायची एक पाटी. पाटीचा पडदा स्पर्शावर चालत नव्हता. मग चालायची कशानं? पडद्याच्या डाव्या बाजूला चार दिशांची कळ, उजव्या बाजूला चार बटणं. बटणांवर अक्षर नाही, इंग्रजी नाही; गोल, चौकोन, बरोबरची खूण आणि फुली. दोन अंगठ्यांनी धरायची आणि पानं उलटायची. वाचायला येत नसलेल्या मुलालाही गोल आणि फुली कळते.

पडदा स्पर्शाचा का केला नाही? एक कारण किंमत. दुसरं वीज. या यंत्राचा पडदा घडवला मेरी लू जेप्सन या बाईनं. त्या या कामाच्या तांत्रिक प्रमुख होत्या, आणि हे नाव मी मुद्दाम घेतेय, कारण अशा गोष्टींत पुरुषांचीच नावं पुढं येतात. आपला मोबाइल उन्हात धरला तर काही दिसत नाही, पदराची सावली करून बघावं लागतं. जेप्सनबाईंचा पडदा उलटा होता. घरात मागून उजेड आणि रंग. बाहेर कडक उन्हात मागचा उजेड बंद करायचा, तरी काळी-पांढरी अक्षरं वर्तमानपत्रासारखी लख्ख दिसायची. विजेचा खर्च साध्या लॅपटॉपच्या मानानं अगदी थोडा. ज्या शाळेला छप्पर नाही, दिवे नाहीत, तिथं झाडाखाली बसून वाचता यावं, या हिशेबानं तो पडदा केलेला होता. स्पर्शाची काच वर बसवली असती तर उजेडही कमी झाला असता आणि खर्चही वाढला असता. म्हणजे स्पर्श नसणं ही तिथं काटकसर तर होतीच, पण विचार करून केलेली होती.

एक खोड मात्र होती. उघडलेल्या लॅपटॉपवर बाण हलवण्यासाठी बटणांच्या खाली बोटानं घासायची पट्टी होती. सुरुवातीच्या यंत्रांत ती पट्टी गडबडायची, विशेषतः घामाच्या बोटांनी. बाण उड्या मारायचा. त्यावर उपाय म्हणून कळफलकाच्या चारही कोपऱ्यांतली बटणं एकाच वेळी दाबून धरायला शिकवायचे. उन्हातली, दमट हवेतली, घामाच्या हातांची मुलं, त्यांच्यासाठीच केलेलं यंत्र, आणि त्याला घामच चालत नव्हता. बटणं मात्र घामानंही चालायची.

या यंत्राची आपल्या देशातली पहिली चाचणी झाली २००७ साली, रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, खैराट नावाच्या छोट्या गावात. जिल्हा परिषदेची एकशिक्षकी शाळा, वीसेक मुलं. मुंबईपासून जवळ, तरी रेल्वेच्या गर्दीपासून बाजूला. तिथल्या मुलांच्या हातात ही हिरवी पाटी पडली, तेव्हा मुंबईतल्या कितीतरी शाळांत संगणकाच्या खोलीला कुलूप असायचं. त्यात कॅमेरा होता, आवाज भरता येत होता, चित्र काढता येत होतं, आणि एका मुलाचं यंत्र दुसऱ्या मुलाच्या यंत्राशी तारेशिवाय बोलू शकत होतं.

पण आदल्याच वर्षी, २००६ साली, भारत सरकारच्या शिक्षण खात्यानं ही योजना घ्यायला नकार दिला होता. त्यांचं म्हणणं, आधी वर्ग आणि शिक्षक पाहिजेत, यंत्रं नंतर. त्या नकारावर तेव्हा टीका झाली. मला स्वतःला ते म्हणणं चुकीचं वाटत नाही. खैराटसारखी चाचणी होत राहिली, पण देशभर ते यंत्र कधी पसरलं नाही.

दुसऱ्या देशांनी मात्र घेतलं. दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वे या छोट्या देशानं २००७ ते २००९ या काळात सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला एक दिलं. शेजारच्या भागातल्या पेरू देशानं आठ लाखांहून जास्त घेतली. पेरूतल्या ३१९ शाळांची पाहणी करून २०१२ साली अहवाल आला, की गणितात आणि भाषेत मुलांचे गुण वाढलेले दिसत नाहीत. यंत्र दिलं, पण शिक्षकाला शिकवलं नाही आणि दुरुस्तीची सोय लावली नाही, तर काय होणार?

मुद्दा असा, की 'हे लोकांना आवडलं का' या प्रश्नाचं उत्तर एक्सओवरून नीट मिळतच नाही. कारण विकत घेणारं होतं सरकार आणि वापरणारं होतं मूल. मूल दुकानात जाऊन 'हा नको, तो द्या' असं म्हणालं नाही. शंभर डॉलरची गोष्ट शेवटी दोनशेच्या आसपास गेली. करणाऱ्यांनी स्वप्न बघितलं होतं कोट्यवधींचं, झाली लाखांतच. पुढं त्यांनीच आपलं यंत्र स्पर्शाचं करायचं ठरवलं, दोन पडद्यांच्या पुस्तकासारखं एक २००८ साली दाखवलंही, पण ते झालं नाही. २०१३ साली स्पर्शाचा पडदा असलेली त्यांची एक आवृत्ती निघाली. तोवर जग पुढं गेलं होतं.

कारण मधे २०१० साल येऊन गेलं. त्या वर्षी ३ एप्रिलला ॲपलचा आयपॅड विक्रीला आला आणि पहिल्याच दिवशी तीन लाख गेले. महिनाभरात दहा लाख. किंमत पाचशे डॉलर, म्हणजे तेव्हाचे बावीस हजारांच्या वर. स्वस्त मुळीच नाही! पण काडी नाही, पेन नाही. बोट लावलं की चाललं. ॲपलचे स्टीव्ह जॉब्स तर काडीची चेष्टाच करायचे. काडी बाहेर काढा, ठेवा, हरवा, कुणाला पाहिजे ती, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून टॅब म्हणजे बोटानं चालणारी काच, असं जगाच्या डोक्यात पक्कं बसलं.

इथं थांबून ती काच कशी चालते ते सांगते, कारण आक्कांचं उत्तर त्यातच आहे. काचेखाली डोळ्यांना न दिसणारं विजेचं बारीक जाळं असतं. आपल्या अंगात पाणी आहे, मीठ आहे, त्यामुळं अंग विजेला वाट देतं. बोट काचेला लागलं की त्या जागची अगदी किंचित वीज बोटाकडं ओढली जाते, आणि यंत्राला कळतं की इथं बोट आहे. आपण दाबतो म्हणून ते चालत नाही. म्हणून आक्कांनी कितीही जोर लावला तरी उपयोग नव्हता. बोटावर जाड घट्टा असेल, कातडं सुकून टणक झालं असेल, तर वीज पुरेशी ओढली जात नाही. यंत्राला वाटतं, बोट नाहीच. उलट पाणी वीज नेतं, म्हणून काचेवर पाण्याचा थेंब पडला की यंत्राला तेच बोट वाटतं आणि ते आपोआप भलतंच उघडतं. स्वयंपाक करताना ओल्या हातानं फोन उचलायला गेलात आणि तो लागला नाही, असं झालं असेल ना?

याआधीची दुसरी जात होती. दोन पातळ थर, मधे फट. वरून दाबलं की ते एकमेकांना टेकतात. त्याला बोटातून वीज जावी लागत नाही, नख चालतं, काडी चालते, घट्टा पडलेलं बोटही चालतं. पण जोर लावावा लागतो आणि अडखळतं. आपल्या सरकारनं ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत 'आकाश' नावाचा स्वस्त टॅब आणला, आठवतंय का? सरकारला एक पडत होता २,२७६ रुपयांना. त्याची काच या दुसऱ्या जातीची होती. आयपॅडची जाहिरात बघून आलेल्या कॉलेजच्या पोरांनी हळुवार बोट फिरवलं, आणि आकाश ढिम्म हलेना. तक्रारी आल्या. पुढं काम मुंबईच्या आयआयटीकडं गेलं आणि ११ नोव्हेंबर २०१२ ला दुसरा आकाश आला, त्यात पहिल्या जातीची, विजेची काच बसवली. गंमत बघा. पोरांच्या मऊ बोटांना नको होती ती जुनी काच आमच्या आक्कांना चालली असती. पण आक्कांना कुणी विचारायला आलं नव्हतं.

त्याच्याही आधी आपल्या बंगळुरूच्या प्राध्यापकांनी सिम्प्युटर नावाचं हातात मावणारं यंत्र केलं होतं, २००० च्या आसपासची गोष्ट. ते काडीवर चालायचं, आपल्या भाषांत वाचून दाखवायचं. त्यातली कल्पना मला फार आवडली: गावात एकच यंत्र, आणि प्रत्येक माणसाकडं स्वतःचं कार्ड. कार्ड घातलं की आपलं खातं, काढलं की दुसरीचं. अगदी बचत गटासारखं. पण खप काही हजारांच्या पुढं गेला नाही. पैसे मोजायची ऐपत असणाऱ्यांना ते वापरायचं नव्हतं, आणि ज्यांना वापरायचं होतं त्यांच्यासाठी दहा हजाराच्या घरातली किंमत जास्तच होती.

मग बटणांची वस्तू खपतच नाही का? तर तसं नाही, आणि इथं मला दोन दाखले सापडले.

पहिला ॲमेझॉनच्या किंडलचा. १९ नोव्हेंबर २००७ ला अमेरिकेत विक्रीला आला, ३९९ डॉलरला. ही पुस्तकं वाचायची पाटी. पडदा कागदासारखा, रंग नाही, स्पर्श नाही. दोन्ही कडांना पान उलटायच्या लांब पट्ट्या आणि खाली बटणं. साडेपाच तासांत सगळा माल संपला, आणि पुढं कितीतरी महिने मिळत नव्हता. लोकांची तक्रार होती, पण वेगळीच: पान उलटायच्या पट्ट्या इतक्या मोठ्या होत्या की नुसतं हातात धरलं तरी पान उलटायचं!  स्पर्शाचा किंडल चार वर्षांनी, २०११ साली आला. आणि त्यानंतरही २०१६ च्या महागड्या किंडलला कंपनीनं पान उलटायची बटणं परत बसवली. वाचणाऱ्या माणसाला एकच काम वरचेवर करायचं असतं, पान उलटायचं. त्याला अंगठ्याखालचं बटण पुरतं.

दुसरा दाखला तुमच्या-माझ्या घरातलाच. जुलै २०१७ मध्ये जिओफोन जाहीर झाला. पंधराशे रुपये अनामत, तीही तीन वर्षांनी परत देण्याच्या बोलीवर. इवलासा पडदा, स्पर्श नाही, साधी बटणं. पण आत इंटरनेट, व्हिडिओ, आणि पुढच्या वर्षापासून व्हॉट्सॲपसुद्धा. शहरातले शहाणे म्हणाले, स्मार्टफोनच्या काळात बटणांचा फोन कोण घेणार? काही वर्षांत दहा कोटींच्या वर लोकांकडं तो होता. माझ्या आईनं त्याच्यावर व्हिडिओ बघायला शिकलं. आठ नंबरचं बटण कुठं आहे हे तिच्या अंगठ्याला अंधारातही कळायचं. काचेवर अंधारात काय कळणार?

तर मला जे समजलं ते असं. बटणांची वस्तू लोक नाकारत नाहीत. पण जी वस्तू दिसते काचेच्या टॅबसारखी आणि तसं वागत नाही, ती नाकारतात. दुकानात पंधरा हजारांचा बोटाचा टॅब आणि बारा हजारांचा बटणांचा टॅब शेजारी ठेवला, तर सुनेनं बोटाचाच उचलायचा. तीन हजारांसाठी कुणी मागं सरणार नाही. निम्म्या किमतीत दिला, उन्हात दिसणारा दिला, आठवडाभर चार्जिंग टिकणारा दिला आणि एकच काम चोख करणारा दिला, तर मात्र गिऱ्हाईक आहे. आमच्यासारख्या गटांत तर नक्की आहे. पण तसा कुणी करत नाही, कारण जे करतात त्यांच्या डोळ्यांपुढं आक्कांचं बोट नाही. आपल्या गटांचे हिशेब यंत्रावर नेण्याची नाबार्डची ई-शक्ती योजना २०१५ साली झारखंडमधल्या रामगढ आणि आपल्या धुळे जिल्ह्यातून सुरू झाली. तेव्हापासून कुणाच्या तरी हातातला मोबाइल किंवा टॅब आपल्या बैठकीत येऊन बसलाय. तो जाणार नाही, आणि जावा असंही मी म्हणत नाही. व्याजाची बेरीज तो चुकत नाही. पण तो कुणाच्या बोटाला ओळखतो आणि कुणाच्या नाही, हे आपण बैठकीत बोललंच पाहिजे.

हे सगळं वाचून झालं तेव्हा मी आक्कांना सांगितलं, बटणांचा टॅब बाजारात नाही. त्या म्हणाल्या, "मग काडीवरचा?" आणि मला एकदम आठवलं. तालुक्याच्या मोबाइल दुकानात रबरी टोकाचं पेन मिळतं. काचेला जी वीज लागते ती हातातून त्याच्या टोकापर्यंत जाते. बोटाच्या टोकाला घट्टा असला तरी आख्ख्या मुठीला नसतो. म्हणजे जॉब्ससाहेबांनी जिची चेष्टा केली ती काडीच. आणली एक.

परवाच्या बैठकीत आक्कांनी काडी मुठीत धरली, लेखणीसारखी नाही, लाटण्यासारखी, आणि आपल्या नावावर टेकवली. खातं उघडलं. त्यांनी काडीनंच एकेक महिना मोजला. मग थांबल्या. "श्रावणातला हप्ता कुठाय?" हिशेबवाल्या ताईनं बघितलं, खरंच नव्हता. वही उघडली, वहीत होता. गटात त्याच नावाच्या आणखी एक बाई आहेत, आडनाव तेवढं वेगळं. टॅबमध्ये ते दोनशे रुपये त्यांच्या खात्यात गेले होते. त्या बाई म्हणाल्या, "माझं जास्त कसं झालंय, मला वाटलं व्याज असंल." ताईनं तिथंच दुरुस्त केलं आणि सगळ्यांपुढं वाचून दाखवलं.

वही आम्ही बंद केलेली नाही. काडीला लाल दोरा बांधून ती वहीच्या पुठ्ठ्याला अडकवलीय, हरवू नये म्हणून. आता बैठक सुरू झाली की आधी काडी आक्कांकडं जाते, मग त्यांच्या शेजारणीकडं, मग गोल फिरत ताईकडं येते. अर्धा तास जास्त लागतो. आक्कांचं म्हणणं अजून तेच आहे, "बटनाचा बरा पडला असता."